न्यायमूर्ती तेलंगांचं भिन्नमत

गाझियाबादच्या राजनगरमधल्या जिल्हा कचेरीत कामकाजाच्या कुठल्याही दिवशी गेलात, तर वकिलांच्या टेबलांभोवती वाटणीच्या दाव्यांची माणसं हमखास भेटतात. इकडे वाटणीला ‘बँटवारा’ म्हणतात. हातात खतौनीची, म्हणजे जमिनीच्या नोंदीची, नक्कल, सोबत एखादा भाऊ नाहीतर पुतण्या आणि चेहऱ्यावर घरातलं भांडण चारचौघांत आणावं लागल्याचा संकोच. हिंडन नदीच्या दोन्ही अंगांना जिथे ऊस आणि गहू व्हायचा तिथे आता बहुमजली इमारती आहेत. जमिनीला भाव आला तसे जुने प्रश्न नव्याने धारदार झाले. आजोबांच्या मालमत्तेत नातवाचा हक्क कधीपासून? बाप हयात असताना मुलाला आपला हिस्सा मागता येतो का? आणि बाप स्वतःच आपल्या भावांबरोबर एकत्र राहत असेल, त्याला वाटणी नको असेल, तर?

हा शेवटचा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाच्या फुल बेंचपुढे आला होता. खटल्याचं नाव अपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी. बहुमताने मुलाच्या विरोधात कौल दिला. त्या पीठावरच्या चाळिशी नुकतीच ओलांडलेल्या एका न्यायाधीशाला ते पटलं नाही आणि त्याने आपलं वेगळं मत सविस्तर लिहून ठेवलं. हे न्यायमूर्ती म्हणजे काशिनाथ त्र्यंबक तेलंग.

तेलंगांची आठवण आज मराठी वाचकाला असलीच तर गीतेचा इंग्रजी अनुवाद करणारे म्हणून, नाहीतर काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाच्या यादीतलं एक नाव म्हणून असते. रानडे, टिळक, आगरकर, गोखले यांच्यावर आपण पानंच्या पानं लिहिली आणि तेलंगांना तळटिपेत बसवलं. मला हा अन्याय वाटतो. वकिली, राजकारण आणि न्यायदान या तिन्ही क्षेत्रांत एकाच बुद्धीने आणि एकाच रीतीने वावरलेला असा दुसरा माणूस त्या काळात शोधावा लागतो. ती रीत अशी: समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडायचं, पुरावा तपासायचा आणि मगच उत्तर द्यायचं. त्यांचं मोठेपण तिच्यात आहे आणि त्यांची मर्यादाही.

काशिनाथांचा जन्म ३० ऑगस्ट १८५० रोजी मुंबईत, गौड सारस्वत ब्राह्मण घराण्यात झाला. जन्मदाते बापू रामचंद्र. त्यांचे भाऊ त्र्यंबक यांना मूल नव्हतं, म्हणून त्यांनी पुतण्याला दत्तक घेतलं. पुढे आयुष्यभर ज्या कायद्याचा काशिनाथांनी कीस पाडला, तो एकत्र कुटुंबाचा, दत्तकाचा आणि वारशाचा कायदा त्यांच्या घरातच नांदत होता. अमरचंद वाडीतल्या मराठी शाळेतून ते एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गेले. तिथे त्यांना नारायण महादेव परमानंद, म्हणजे मामा परमानंद, शिक्षक म्हणून लाभले आणि पुढे या गुरुशिष्यांची जिवलग मैत्री झाली. एल्फिन्स्टन कॉलेजात एम.ए. आणि एलएल.बी. करून १८७२ मध्ये ते उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडवर अ‍ॅडव्होकेट म्हणून दाखल झाले.

या ओरिजिनल साइडचं महत्त्व समजून घ्यायला हवं, नाहीतर त्या पदाचं मोल कळत नाही. मुंबईचं उच्च न्यायालय १८६२ मध्ये स्थापन झालं ते दोन जुन्या न्यायालयांना एकत्र करून. एक इंग्रजी धर्तीचं सुप्रीम कोर्ट आणि दुसरं मोफसलातली, म्हणजे मुंबईबाहेरच्या मुलखातली, अपिलं ऐकणारी सदर अदालत. त्यांच्या दोन परंपरा नव्या न्यायालयातही शेजारी शेजारी चालू राहिल्या. अपेलेट साइडवर गावोगावच्या खटल्यांची अपिलं यायची आणि तिथे हिंदी वकील होते. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक हे त्यांतलं सर्वांत वजनदार नाव. ओरिजिनल साइडवर मुंबई शहरातले मूळ दावे, व्यापारी, जहाजवाले, ट्रस्ट आणि पैसा. तिथे लंडनहून येणाऱ्या बॅरिस्टरांचं राज्य होतं. विलायतेला न जाता, इथेच कठीण परीक्षा देऊन त्या बाजूला उभं राहण्याची वाट बाळ मंगेश वागळे यांनी पहिल्यांदा पाडली. तेलंग त्याच वाटेने गेले.

बॅरिस्टरांच्या गर्दीत या तरुण वकिलाकडे सॉलिसिटर कशासाठी यायचे? इंग्रजीवर त्यांची पकड होतीच, पण खरं कारण संस्कृत हे होतं. त्या काळी इंग्रज न्यायाधीश आणि बॅरिस्टर हिंदू कायदा वाचायचे तो भाषांतरांतून. मिताक्षरेतलं वारसा आणि वाटणीचं प्रकरण हेन्री कोलब्रुक यांनी १८१० मध्ये इंग्रजीत आणलं होतं. व्यवहारमयूखाचं बोराडेल यांचं भाषांतर १८२७ चं. मुंबईच्या न्यायालयांत या दोन ग्रंथांवर निकाल फिरायचे. बाराव्या शतकाच्या आसपास कल्याणीच्या चालुक्य दरबारात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेली टीका ती मिताक्षरा. मूळच्या पैठणच्या पण काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातल्या नीळकंठाने सतराव्या शतकात लिहिलेला तो मयूख. भाषांतरात एखादा शब्द ढिला पडला की एखाद्या विधवेचं घर जायचं. तेलंग उठून मूळ श्लोक म्हणत, त्याचा अन्वय सांगत आणि भाषांतर नेमकं कुठे चुकलं ते दाखवत. प्रतिपक्षाच्या बॅरिस्टरला याला उत्तर नसे.

हीच तपासणीची सवय त्यांनी विद्येच्या क्षेत्रातही नेली. बर्लिनचे थोर संस्कृत पंडित आल्ब्रेख्त वेबर यांनी असं मांडलं, की रामायणाच्या कथेवर होमरची छाया असावी. १८७३ मध्ये तेवीस वर्षांच्या तेलंगांनी त्याला उत्तर दिलं. रागावून उत्तर देणारे तेव्हाही पुष्कळ होते. तेलंगांनी वेबरचा एकेक मुद्दा घेतला, त्याचा आधार काय ते विचारलं आणि साम्य दिसलं म्हणजे उसनवारी सिद्ध झाली असं होत नाही हे दाखवलं. पुढे पतंजलीच्या महाभाष्यात आलेली एक ओळ रामायणात सापडते, हेही त्यांनी पुढे ठेवलं. शंकराचार्यांचा काळ ठरवताना त्यांनी आचार्यांच्या शारीरभाष्यातला पूर्णवर्मा राजाचा उल्लेख आणि चिनी प्रवासी ह्युएनत्संग याने सांगितलेला मगधाचा पूर्णवर्मा यांचा मेळ घातला आणि आचार्यांना सहाव्या शतकाच्या अखेरीकडे नेलं. आजचे बहुतेक अभ्यासक तो काळ मानत नाहीत. पण आख्यायिका बाजूला ठेवून ग्रंथातल्या एका नावाला साक्षीदारासारखं उभं करायचं आणि त्याची उलटतपासणी घ्यायची, ही पद्धत आपल्याकडे तेव्हा अगदी नवी होती.

गीतेचा त्यांचा गद्य अनुवाद १८८२ मध्ये माक्स म्युलर यांच्या ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ या मालेचा आठवा खंड म्हणून ऑक्सफर्डहून निघाला. सोबत सनत्सुजातीय आणि अनुगीता. या मालेचे अनुवादक जवळपास सगळे युरोपीय होते. १८८४ मध्ये त्यांनी संपादित केलेलं मुद्राराक्षस मुंबई संस्कृत मालेत आलं. या सगळ्या काळात त्यांची वकिली जोरात चालू होती, हे लक्षात घ्यावं.

राजकारणात ते आले तेही अशाच तयारीने. १८७७ मध्ये त्यांनी खुला व्यापार आणि संरक्षण या विषयावर हिंदुस्थानच्या बाजूने व्याख्यान दिलं. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना हिंदुस्थानात कापडावरचा आयात कर नको होता आणि खुल्या व्यापाराचं अर्थशास्त्र हे जणू वेदवाक्य मानलं जात होतं. तेलंगांनी मिल वगैरे इंग्रज अर्थशास्त्रज्ञांच्याच विवेचनाच्या आधारे दाखवलं, की उद्योग बाल्यावस्थेत असलेल्या देशाला संरक्षण लागतं. सरकारने ऐकलं नाही. १८८२ पर्यंत कापडावरचा आयात कर पूर्ण उठला. तरी मुंबईच्या कारखानदारांना आपल्या गाऱ्हाण्यासाठी भक्कम युक्तिवाद मिळाला तो या व्याख्यानातून.

१८८२ च्या हंटर शिक्षण आयोगावर ते सभासद होते. शाळा-कॉलेजांत नीतिशिक्षणाचं पाठ्यपुस्तक लावावं, अशी सूचना आयोगात पुढे आली. तेलंगांनी तिला विरोध केला आणि स्वतंत्र टिपण लिहून आपलं म्हणणं नोंदवलं. नीती पुस्तकातून पाठ करून घेता येत नाही, असा त्यांचा सूर होता. शंभराहून अधिक वर्षं उलटली तरी मूल्यशिक्षणाची पुस्तकं निघतच आहेत, त्यामुळे हे टिपण जुनं झालेलं नाही.

मग इल्बर्ट विधेयक आलं. मोफसलात हिंदी न्यायाधीशाने युरोपीय आरोपीचा खटला चालवावा, एवढीच त्यातली तरतूद, पण गोऱ्यांनी देशभर काहूर माजवलं. २८ एप्रिल १८८३ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये विधेयकाच्या बाजूने सभा झाली. तिथे तीन तरुण वकील बोलले: फिरोजशहा मेहता, बद्रुद्दीन तय्यबजी आणि काशिनाथ तेलंग. एक पारशी, एक मुसलमान, एक हिंदू. मुंबईच्या राजकारणाची सूत्रं त्यानंतर या तिघांच्या हाती गेली. ३१ जानेवारी १८८५ रोजी त्यांनी बाँबे प्रेसिडेन्सी असोसिएशन उभी केली आणि त्याच वर्षी २८ डिसेंबरला गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात बहात्तर प्रतिनिधी जमले. काँग्रेसच्या त्या पहिल्या अधिवेशनात कायदेमंडळांचा विस्तार करा, त्यांत लोकांनी निवडलेले सभासद घ्या, अर्थसंकल्प त्यांच्यापुढे ठेवा, असं मागणारा तिसरा ठराव तेलंगांनी मांडला. मद्रासच्या एस. सुब्रह्मण्य अय्यर यांनी त्याला अनुमोदन दिलं. हे दोघेही पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

या ठरावामागे तेलंगांचा अनुभव होता. १८८४ पासून ते मुंबईच्या कायदेमंडळात सरकारनियुक्त सभासद होते. तिथे बसून मुद्देसूद बोलता येत होतं, पण मतांनी काही बदलता येत नव्हतं.

त्यांची राजकीय भाषणं वाचताना माझ्या मनात घर करून राहतं ते १८८८ चं अलाहाबादचं भाषण. आज उत्तर प्रदेशात असलेला हा सगळा भाग, मेरठ जिल्ह्यातलं तेव्हाचं छोटं गाझियाबाद धरून, वायव्य प्रांतांत मोडत होता. तिथले लेफ्टनंट गव्हर्नर सर ऑकलंड कॉल्व्हिन काँग्रेसवर नाराज होते. अधिवेशनाला जागा मिळू नये म्हणून अडथळे येत गेले. शेवटी दरभंग्याच्या महाराजांनी लौदर कॅसल ही मिळकतच विकत घेतली आणि काँग्रेसला दिली. त्याच नोव्हेंबरात व्हाइसरॉय डफरिन यांनी निरोपाच्या भाषणात काँग्रेसवाल्यांना सूक्ष्मदर्शकातून पाहावं लागेल इतकी लहान अल्पसंख्या ठरवलं होतं. प्रतिनिधी जमले बाराशेहून जास्त आणि वातावरण तापलेलं. तेलंग उठले ते कायदेमंडळांच्या ठरावावर. टाळ्या मिळवणं सोपं होतं, तरी त्यांनी कॉल्व्हिन आणि डफरिन यांची विधानं एकेक करून घेतली, ती मांडली आणि त्यांतली विसंगती दाखवत गेले. श्रोत्यांना भडकवण्यासारखं एक वाक्य न बोलता त्यांनी सभा जिंकली.

पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. वय एकोणचाळीस. मुंबईच्या न्यायासनावर कायम झालेले पहिले हिंदी न्यायाधीश नानाभाई हरिदास. त्यांच्यानंतर आलेले तेलंग रानड्यांपेक्षा आठ वर्षांनी लहान असून त्यांच्या आधी तिथे बसले.

त्या काळच्या अमेरिकेत वकिली, राजकारण आणि न्यायासन या तीन खोल्यांची दारं एकमेकांत उघडत. इलिनॉयचे डेव्हिड डेव्हिस हे वकील, मग राज्याच्या विधिमंडळात, मग सर्किट न्यायाधीश. त्यांनी १८६० मध्ये आपल्या मित्राला, अब्राहम लिंकनला, उमेदवारी मिळवून देण्याची मोहीम चालवली, १८६२ मध्ये लिंकननेच त्यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमलं आणि १८७७ मध्ये ते न्यायासन सोडून सिनेटमध्ये गेले. इथे तसं नव्हतं. परक्या सरकारच्या न्यायासनावर बसणं म्हणजे सार्वजनिक व्यासपीठाला कायमचा रामराम. मेहता, तय्यबजी, तेलंग या त्रयीतला सर्वांत तोलून बोलणारा माणूस काँग्रेसच्या पाचव्या वर्षीच तिच्यातून बाहेर पडला. त्याच्या निवडीबद्दल मित्रांना अभिमान होता आणि हळहळही.

तेलंगांनी हे पद घेतलं ते बरोबर केलं, असं मला वाटतं. त्याचं कारण अपाजीचा खटला.

प्रश्न नीट मांडून घेऊ. समजा, दोन भाऊ वडिलांच्या पश्चात एकत्र राहतात, जमीन एकत्र आहे. थोरल्याचा मुलगा सज्ञान झाला, त्याला आपला हिस्सा वेगळा हवा आहे. बाप म्हणतो, मला भावापासून वेगळं व्हायचं नाही. मिताक्षरेचं तत्त्व असं, की आजोबांकडून आलेल्या मिळकतीत मुलाची मालकी जन्मानेच येते आणि ती बापाच्या मालकीच्या बरोबरीची असते. बाप मरेपर्यंत थांबायचं नाही, बापाने दिली तर मिळायची असंही नाही. मग अशी बरोबरीची मालकी असताना ती वेगळी करून मागण्याचा अधिकार का नसावा?

बहुमताने सांगितलं, की बाप स्वतःच आपल्या वडिलांशी किंवा भावांशी एकत्र असेल तेव्हा त्याच्या संमतीशिवाय मुलाला वाटणी मागता येणार नाही. त्यामागे काळजी होती ती कुटुंब मोडू नये याची. मुंबई इलाख्याचा व्यवहार तसा आहे, वचनांचा अर्थही तसा लागतो, अशी त्यांची भूमिका. ही भूमिका अगदीच टाकाऊ नव्हती. घरातला एक तरुण उठला आणि त्याने काका, आजी सगळ्यांना कोर्टात खेचलं, ही कल्पना त्या पिढीला धक्कादायक वाटणं स्वाभाविक होतं.

तेलंगांनी मूळ वचनं हाती घेतली. मिताक्षरा वाचायची म्हणजे तिची रचना ओळखावी लागते. विज्ञानेश्वर आधी शंका मांडतो, विरोधकाचं म्हणणं पुरतं बोलू देतो आणि मग सिद्धान्ताकडे येतो. मधलं एक वाक्य उचललं तर पूर्वपक्षालाच सिद्धान्त समजण्याची चूक होते. केवळ भाषांतरावर भिस्त ठेवणाऱ्याला हा धोका सदैव असतो. तेलंगांच्या लेखी बरोबरीची मालकी ही नुसती शोभेची गोष्ट नव्हती. मालकी आहे म्हणायचं आणि ती वापरायची वेळ आली की बापाची परवानगी आण म्हणायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी मुलाच्या बाजूने मत दिलं.

आणि इथे गाझियाबादचा संबंध पुन्हा येतो. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने १८७६ च्या सुमारासच मान्य केलं होतं, की वडिलोपार्जित मिळकतीची वाटणी मुलगा बापाच्या मर्जीविरुद्धही मागू शकतो. म्हणजे एकाच मिताक्षरेखाली मेरठ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला जो अधिकार होता, तो रत्नागिरी किंवा धारवाडच्या मुलाला या परिस्थितीत नव्हता. मुंबईचा नियम पुढे दीर्घकाळ टिकला. हिंदू कायद्याच्या पाठ्यग्रंथांत त्या नियमाखाली ‘न्या. तेलंग यांचं भिन्नमत’ अशी नोंद वर्षानुवर्षं छापली जात राहिली.

जन्माने येणाऱ्या त्या हक्काचा पुढचा प्रवासही सांगायला हवा. तेलंगांच्या काळी तो फक्त मुलग्यांचा होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेही सहदायादांची, म्हणजे जन्मानेच हिस्सेदार होणाऱ्यांची, जुनी चौकट तशीच ठेवली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती करून अविवाहित मुलींना सहदायाद मानलं. २००५ मध्ये संसदेने तो हक्क देशभरच्या मुलींना दिला आणि विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं, की मुलीचा हक्कही जन्मानेच येतो, २००५ मध्ये बाप हयात होता की नव्हता याने फरक पडत नाही. उत्तर प्रदेशातल्या शेतजमिनीला मात्र वेगळा महसुली कायदा लागू होतो, त्यामुळे राजनगरच्या कचेरीत येणाऱ्या बहिणींची वाट अजूनही अवघड आहे.

मुलींचा विषय निघाला, की तेलंगांच्या चरित्रातल्या सर्वांत दुखऱ्या जागेपाशी यावंच लागतं.

रखमाबाईंचा खटला मुंबईत १८८४ मध्ये उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणाली. नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, दावा लावला. रखमाबाईंच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत तेलंग होते. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला, की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. पुढे १८८८ मध्ये तडजोड होऊन दादाजीला पैसे मिळाले, रखमाबाई विलायतेला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. १८९१ मध्ये संमतिवयाचं विधेयक आलं तेव्हाही तेलंग त्याच्या बाजूने होते. टिळक आणि त्यांचे सहकारी विरोधात होते.

आणि याच तेलंगांनी आपल्या आठ वर्षांच्या मुलीचं लग्न लावलं.

घरच्या वडीलधाऱ्यांचा आग्रह होता. सुधारक हादरले, विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. तेलंगांनी सामाजिक विषयांसंबंधी तडजोडीवर मराठीत व्याख्यान दिलं होतं. १८८६ मध्ये सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, या वादावर बोलताना त्यांनी असं मांडलं होतं, की जिथे विरोध कमी तिथून पुढे जावं. सरकारशी युक्तिवादाने बोलता येतं, घरातल्या रूढीशी तसं बोलता येत नाही, म्हणून राजकीय सुधारणा अगोदर पुढे सरकल्या तर बिघडत नाही. हा विचार शहाणा आहे. पण तो स्वतःच्या उंबऱ्यावर आला तेव्हा त्याची किंमत आठ वर्षांच्या एका मुलीने दिली. दुसऱ्याची बाजू पूर्णपणे समजून घेणाऱ्या माणसाला घरातल्या वडिलांचीही बाजू समजते आणि तिथे तो मोडतो. ज्या न्यायाधीशाने बहुमताविरुद्ध एकट्याने लिहिलं, त्याला घरात भिन्नमत टिकवता आलं नाही. तेलंगांबद्दल मला प्रेम आहे, म्हणूनच हे झाकून ठेवावंसं वाटत नाही. त्यांनी लेसिंगच्या ‘नेथन’ या नाटकाचा मराठी अनुवाद केला होता. वेगवेगळ्या धर्मांत सहिष्णुता शिकवणारं हे जर्मन नाटक मराठीत आणण्याइतकं मन मोकळं असलेला माणूस एका लग्नाला नाही म्हणू शकला नाही. त्या काळच्या एकत्र कुटुंबाचं बळ किती होतं, याचा याहून मोठा पुरावा नाही.

१८९२ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. या पदावर आलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचं अध्यक्षपदही त्याच सुमारास त्यांच्याकडे आलं, तिथेही पहिले हिंदी अध्यक्ष तेच. प्रकृती मात्र ढासळत चालली होती. १ सप्टेंबर १८९३ रोजी, वयाची त्रेचाळीस वर्षं पुरी होऊन दोन दिवस झाले असताना, मुंबईत त्यांचं निधन झालं.

न्यायासनावरच्या त्यांच्या रिकाम्या जागी महादेव गोविंद रानडे आले. दोन वर्षांनी, १८९५ मध्ये, त्रयीतले बद्रुद्दीन तय्यबजी न्यायाधीश झाले. १९०० च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष नारायण गणेश चंदावरकर १९०१ मध्ये त्याच न्यायालयात गेले. एकामागून एक असे चौघे. मुंबईच्या नेमस्त राजकारणातली इतकी बुद्धी न्यायालयाकडे वळली, की व्यासपीठावर फिरोजशहा जवळजवळ एकटे उरले. पुढच्या दशकात जहाल मंडळींनी जे मैदान काबीज केलं, त्याचं एक कारण मला यात दिसतं.

रानड्यांचं ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ १९०० मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा त्याच्या शेवटी तेलंगांचा एक निबंध छापला गेला. मराठ्यांच्या बखरी चाळून लिहिलेला. लढाया आणि तह सोडून त्यांनी बखरींत वेगळंच शोधलं होतं: छत्रपती आणि पेशवे धर्माच्या, जातींच्या, लग्नांच्या तंट्यांत कसे हात घालत, कोणत्या आज्ञा काढत, लोक त्या कितपत मानत. संमतिवयाच्या वादात ‘सरकारला धर्मात लुडबुड करण्याचा काय अधिकार’ असं विचारलं जात होतं. त्याला पुण्याच्याच दप्तरांतून आणि बखरींतून काय उत्तर निघतं, ते तेलंगांनी पुराव्यासह तिथे मांडून ठेवलं आहे.